नऊ नंबरची घोडी

नेकनूरच्या रस्त्याला छावणीचे बांबू उतरले की माझं डोकं दुखायला लागतं. यंदाही उतरलेत. परवा एसटीच्या खिडकीतून पाहिलं. दोघे जण हिरवी जाळी उलगडत होते, एक जण खड्डे खणत होता, आणि पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस हवेत हात फिरवून कमान कुठं उभी करायची ते दाखवत होता. चारा छावणीत सगळ्यात आधी कमान उभी राहते. मग हौद होतो, मग दावणी, आणि जनावरं सगळ्यात शेवटी येतात. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोकरीत असल्या किती छावण्या पाहिल्या, आता आठवत नाही. गाईम्हशींच्या आठवणीने हळवं व्हावं, असं माझं काही होत नाही. मला आठवतात ते घोडे, आणि घोडे आठवले की मी चिडते.

त्यात त्याच दिवशी संध्याकाळी एका तरुण डॉक्टरचा फोन आला. तलवाड्याकडे मेंढपाळांच्या घोड्यांना लेप्टोस्पायरोसिसची लस टोचायचं काम त्याच्याकडे आलंय. आवाजात नव्या नोकरीचा उत्साह होता.

"मॅडम, आता आम्ही मानेत चिप बसवतो. तांदळाच्या दाण्याएवढी असते. कुठला घोडा कुठला, हा प्रश्नच राहत नाही."

"छान," मी म्हटलं.

"तुमच्या वेळची वही आहे का हो? तेव्हा घोड्यांच्या रक्तात किती प्रतिकारशक्ती आली होती, ते आकडे मिळाले तर बरं होईल."

वही आहे. लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या साड्यांच्या खाली. ती काढली आणि चष्मा लावून बसले. पानं पिवळी पडलीत, शाईवर घामाचे डाग आहेत, आणि अजून वास येतो, घोड्याच्या अंगाचा आणि उसाच्या वाढ्याचा. शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ओळीने एकच शब्द आहे. वगळले. वगळले. वगळले. 

तो सलग दुसऱ्या वर्षीचा दुष्काळ होता. पहिल्या वर्षी लोक पावसाबद्दल बोलत होते, दुसऱ्या वर्षी टँकरबद्दल बोलायला लागले. नेकनूरच्या पलीकडे एका गावात (नाव नको, ती माणसं अजून आहेत) दूध सोसायटीने छावणी काढली होती. सोसायटीकडे दूध नव्हतं, कारण गाईंच्या अंगात पाणी नव्हतं. पण सोसायटीला इमारत होती, चेअरमन होते आणि बर्फ करायचं यंत्र होतं. लस थंड ठेवायला मला बर्फ लागायचा, म्हणून आमचा मुक्काम सोसायटीच्या व्हरांड्यात. मी, आमचे ड्रेसर सुदामराव, एक थर्मासचा डबा आणि रक्ताच्या नळ्यांचं खोकं, एवढा आमचा संसार.

छावणीच्या खालच्या अंगाला पाझर तलाव होता. तलाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. मधोमध हिरवट डबकं उरलं होतं आणि त्याच्या चहूबाजूंनी खुरांनी तुडवलेला चिखल. छावणीत न घेतलेलं सगळं जनावर तिथं उतरायचं, तिथंच प्यायचं आणि तिथंच मुतायचं. त्या डबक्याच्या वरच्या माळावर धनगरांची सात-आठ बिऱ्हाडं उतरली होती. ही मेंढरं घेऊन फिरणारी माणसं. बाहेरच्यांना घोडा म्हटलं की नवरदेव आठवतो. यांचा घोडा म्हणजे यांचं घर असतं. राहुटी, भांडी, पिठाचं गाठोडं, पायांना दोरी बांधलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि चालून दमलेलं एखादं लेकरू, हे सगळं घोड्याच्या पाठीवर एका गावाहून दुसऱ्या गावाला जातं. घोडा बसला की बिऱ्हाड बसलं.

आणि आदल्या वर्षी घोडे बसत होते. गाभण घोड्यांनी एकामागून एक गाभ टाकले. नंतर काही महिन्यांनी कुणाचा डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. रक्त तपासलं तेव्हा लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदराच्या, गुराच्या लघवीतून त्याचा जंतू पाण्यात येतो. लोकांना वाटतं हा पावसाळ्याचा रोग. पण अख्ख्या शिवारातली जनावरं एकाच डबक्यात उभी राहिली की त्याला उन्हाळाही चालतो. कॉलेजातल्या एका सरांनी घोड्यांसाठी नवी लस आजमावायचं काम काढलं होतं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं. काम कागदावर सोपं होतं. आधी रक्त घ्यायचं आणि लस टोचायची. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त आणि दुसरी मात्रा. त्यानंतर दोन आठवड्यांनी शेवटचं रक्त. निम्म्या घोड्यांना लस, निम्म्यांना नाही, म्हणजे तुलना करता येते. कोणाला किती प्रतिकारशक्ती आली ते प्रयोगशाळेत मोजायचं. पहिल्या दिवशी मी सुदामरावांना म्हटलंसुद्धा, की दीड महिन्यात मोकळे होऊ.

वस्तीतली थोरली बाई ठकूबाई. पन्नाशीची असावी, पण उन्हाने तिचं वय पार पुसून टाकलं होतं. तिच्याकडे दोन घोड्या, काशी आणि काशीची लेक साळू. दोघी सारख्याच तांबूस, दोघींच्या कपाळावर काही नाही, पायावर काही नाही. वहीत वर्णन काय लिहावं, तर दोघींचं एकच. फरक एवढाच, की काशीने आदल्या वर्षी गाभ टाकला होता आणि मग तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. डाव्यानेही तिला धूसरच दिसायचं. साळू गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. काशीवर ओझं घालायचं बंद झाल्यापासून सगळं बिऱ्हाड साळूच्या पाठीवर होतं.

"आवंदा हिनं गाभ टाकला न्हाई पायजे, डॉक्टरीनबाई," ठकूबाई पहिल्याच दिवशी म्हणाली. "हिचं काई झालं तर आमी हितंच. मेंढरं म्होरं जातील, आमी माळावर बसू."

"लस टोचली की काळजी मिटली," मी म्हटलं. माणूस सरकारी कामावर असला की असली वाक्यं तोंडातून आपोआप निघतात.

काशीला मात्र लस द्यायची नव्हती. ज्यांना रोग होऊन गेलाय त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती आधीच असते, ते घोडे घ्यायचे नाहीत, असा सरांचा नियम होता. नियम बरोबरच होता. मी काशीला बाजूला काढलं, आणि ठकूबाई तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

पहिलं भांडण कानावरून झालं. लस दिलेल्या घोड्याच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा होता, गाईला मारतात तसा. ठकूबाई आडवी आली.

"कानाला हात लावू नगा."

"का? गाईला नाही का मारत?"

"गाय येगळी. आमच्यात घोडीला छेद देत न्हाईत. छेद दिला की ती देवाची झाली. मंग तिच्यावर बिऱ्हाड कसं घालावं?"

मी समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. सगळ्या बायका राहुट्यांतून बाहेर येऊन ठकूबाईच्या मागं उभ्या राहिल्या. तेवढ्यात सुदामराव म्हणाले, "मॅडम, सुतळीनं गळ्यात बांधू की. चालतंय." सुदामरावांना सगळंच चालायचं. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक होतं की त्यांच्या तोंडी हा शब्द आला की ती गोष्ट हमखास अंगाशी येते. पण ऊन चढलं होतं, लस गरम होत होती. बिल्ले सुतळीनं गळ्यात बांधले. साळूच्या गळ्यात नऊ नंबर आला.

बर्फाचीही एक गंमत सांगते, म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. चेअरमनना गावात सगळे आबा म्हणायचे. गोड माणूस, फार गोड. एका दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, पाहुणे आले होते, आणि माझ्या हातात लिंबू सरबताचा ग्लास दिला. इतकं गार सरबत त्या उन्हाळ्यात मी प्यायले नव्हते. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की यंत्र सकाळपासून बंद आहे, वीज नाही, मग हा बर्फ आला कुठून. धावत व्हरांड्यात गेले. थर्मासचं झाकण उघडं आणि लशीच्या बाटल्या कोमट पाण्यात तरंगत होत्या. त्या अख्ख्या पेटीतली लस मी जमिनीत ओतली; दुसऱ्या फेरीपुरती तेवढी कॉलेजातून पुन्हा आणावी लागली. आबा म्हणाले, "तुमीच तर पिलात मॅडम." 

पण सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझी. छावणीत घोडे घेत नव्हते. गेटवरून त्यांना हाकलून द्यायचे आणि ते डबक्यावर जायचे. मला ते बघवेना. मी आबांशी भांडायला गेले.

"घोडा जनावरांत बसत न्हाई, मॅडम," आबांनी यादी काढून माझ्यापुढं धरली. "गाय हाय, बैल हाय, म्हैस हाय, रेडकू हाय. घोडा कुठं हाय, तुमीच दाखवा."

"आबा, तो पाणी पितो, चारा खातो. अजून काय लागतं जनावर व्हायला?"

आबांनी थोडा विचार केला. बाहेर धनगर उभे होते, निवडणूक जवळ होती. "आसं करू," ते म्हणाले. "ज्याच्या गळ्यात तुमचा बिल्ला, ते आत. हौदाचं पाणी आन् एक पेंढी. बिनबिल्ल्याचं भाईर. मंग मला कुणी इचारलं तर मी बिल्ला दाखवीन."

मी त्यांचे आभार मानले. व्हरांड्यात येऊन सुदामरावांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. सुदामराव म्हणाले, "चालतंय."

आज विचार केला की कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. लस घेतलेले घोडे टँकरचं स्वच्छ पाणी पिणार आणि लस न घेतलेले डबक्याचं, मग तुलना कशाची करायची होती? रोग कमी झाला तर तो लशीने झाला की हौदाने, हे कोण सांगणार? एवढी साधी गोष्ट, पण त्या उन्हात मला ती दिसली नाही. मला फक्त गेटच्या आत जाणारे घोडे दिसत होते.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी झाली. वारा सुटला होता, माळावरची सगळी माती डोळ्यांत जात होती. सुदामराव घोड्याच्या डाव्या बाजूला उभे राहून मानेच्या शिरेतून रक्त काढायचे, मी नळीवर नंबर लिहायची, मग दुसरी मात्रा. रक्त नेहमी डाव्या बाजूनेच घेतो आम्ही, हाताला तेच वळण. बिल्ला बघायचा, नंबर ओरडायचा, पुढचा. दुपारपर्यंत सगळे घोडे उरकले. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

नळ्या घेऊन मी एसटीने कॉलेजला गेले. मांडीवर थर्मास, शेजारच्या बाईने विचारलं, कुल्फी का? प्रयोगशाळेत पुढचे दोन दिवस अंधाऱ्या खोलीत बसले. ही चाचणी मला मनापासून आवडायची, तेवढी एकच गोष्ट त्या सबंध कामात शांत होती. घोड्याचं रक्त गोठून वर जे पिवळसर पाणी येतं, त्यात जिवंत जंतू सोडायचे. सूक्ष्मदर्शकातून काळ्या पार्श्वभूमीवर ते दिसतात, शिवणयंत्राखाली पडलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे, टोकाला हुकासारखा आकडा असलेले, सारखे वळवळणारे. घोड्यात प्रतिकारशक्ती असेल तर ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मग ते पाणी पातळ करत जायचं, एकास शंभर, एकास दोनशे, चारशे. जितकं पातळ करूनही गुठळी होते, तितकी त्या जनावराची ताकद. नऊ नंबरचं पाणी मी पातळ करत गेले, करत गेले, तरी गुठळी होतच राहिली.

सर खूश झाले. "एका मात्रेत एवढं? हा नऊ नंबर आपल्या लेखात पहिल्या पानावर जाणार." मीही खूश झाले. मला साळू आठवली, तिचं पोट आठवलं. ठकूबाईला कधी एकदा सांगते असं झालं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी छावणीच्या गेटवर उभी होते. सकाळची वेळ, घोड्यांची रांग आत चाललेली. नेहमीच्या बाजूला ऊन होतं म्हणून मी पलीकडे, सावलीत जाऊन उभी राहिले. नऊ नंबरची घोडी समोर आली. तिच्या उजव्या डोळ्यात पांढरं फूल होतं.

मी तशीच वस्तीवर गेले. ठकूबाई राहुटीपुढं मेंढराच्या पायातला काटा काढत होती. साळू शेजारी उभी होती, तिच्या गळ्यात काहीच नव्हतं.

"नऊ नंबर काशीच्या गळ्यात कसा?"

"आज तिची पाळी हाय."

"कसली पाळी?"

ठकूबाईने राहुटीच्या खांबाला अडकवलेला जर्मनचा डबा दाखवला. रोज संध्याकाळी सगळ्या वस्तीचे बिल्ले त्या डब्यात जमा व्हायचे. सकाळी बाया बसून ठरवायच्या, आज कुणाची घोडी लंगडतेय, कुणाच्या घोडीला पिलू आहे, कोण काल उपाशी राहिली. त्याप्रमाणे गळ्यात बिल्ले. पहिल्या आठवड्यापासून हे चाललं होतं. साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, गेटवरच्या माणसाला ठाऊक होतं, आणि माझा संशय खोटा नसेल तर सुदामरावांनाही ठाऊक होतं.

म्हणजे दुसऱ्या फेरीला आम्ही बिल्ल्यांचं रक्त घेतलं होतं, घोड्यांचं नव्हे. नऊ नंबरची ती अफाट ताकद लशीची नव्हतीच. ती काशीची होती. ते रक्त घेतलं तोवर तिला लशीचा थेंब मिळालेला नव्हता. रोगाशी झुंजून, गाभ आणि डोळा घालवून तिने ती मिळवली होती, आणि आम्ही तिला पहिल्या पानावर छापायला निघालो होतो.

मी चिडले. इतकी चिडले की मला आजही माझा तो आवाज ऐकू येतो. हे सरकारी काम आहे, हा खेळ नाही, महिनाभराची मेहनत पाण्यात गेली, असं बरंच काही बोलले. ठकूबाईने काटा काढून झाल्यावर मान वर केली.

"तुमी बिल्ले दिले. आमी वाटून घेतले. त्यात कावून रागावता?"

"अहो, बिल्ला म्हणजे त्या घोडीचं नाव आहे."

"तिचं नाव साळू हाय. ते मी कुठं कुणाला दिलं?"

मी खाली बसले. समोर सोसायटीची इमारत दिसत होती, भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत सहकाराचं काहीतरी लिहिलेलं. त्या भिंतीआड माझा बर्फ पळवला जात होता आणि इथं एका जर्मनच्या डब्यात सगळी वस्ती रोज सकाळी आपला घास मोजूनमापून वाटून घेत होती. हे मला त्या क्षणी कळलं नाही असं नाही. कळलं, आणि त्यामुळे राग अजूनच वाढला, कारण आता तो कुणावर काढायचा तेच समजेना. माझे नमुने गेले ते गेलेच होते.

"मंग साळूच्या अंगात औषध हाय का न्हाई?" ठकूबाईने विचारलं. आता तिचा आवाज बदलला होता. "पयली सुई तिला टोचली, ती मी बघितली. दुसऱ्या येळेला ती रांगेत व्हती, पर तिच्या गळ्यात कंचा बिल्ला व्हता, चौदा का काय, ध्यानात न्हाई. का त्या दिशी ती डबक्यावरच गेलती? तेवढं सांगा, बाई. तेवढ्यासाठीच तर टोचून घेतलं."

आणि मला ते सांगता येत नव्हतं. वही होती, नळ्या होत्या, कॉलेजची प्रयोगशाळा होती, तरी या एका बाईच्या एका घोडीबद्दल मला काही सांगता येत नव्हतं. शिल्लक लस नव्हती, ती मी जमिनीत ओतली होती. साळूचं रक्त पुन्हा घेते म्हटलं तर ठकूबाईने दोन्ही हात पसरले. भरल्या दिवसांच्या घोडीचं रक्त काढू देणार नाही म्हणाली. मीही फार जोर केला नाही. त्या दिवसांत साळू दचकली, पडली, तर काय घ्या.

सरांना फोनवर सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "वगळा." मी वही उघडली आणि त्या शेवटच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. ठकूबाईला मी एकच सांगू शकले, की आजपासून साळूला डबक्यावर नेऊ नका, बिल्ला रोज तिच्याच गळ्यात राहू द्या. ती म्हणाली, बघते. पुढचे पंधरा दिवस मी काहीतरी निमित्त काढून त्या गेटवर जात राहिले. साळू कधी दिसायची, कधी नाही. प्रत्येक वेळी तिच्या मागच्या पायांकडे आधी नजर जायची, शेपटीखाली काही ओलं दिसतंय का म्हणून. रात्री जेवण जायचं नाही. एका घोडीसाठी इतकं का, असं माझ्या घरचे विचारायचे, आणि मी त्यांच्यावरही खेकसायची.

मग एका सकाळी सुदामराव सायकल मारत आले आणि म्हणाले, "मॅडम, झालं. शिंगरू झालंय. उभंबी ऱ्हायलंय."

आम्ही गेलो तेव्हा ते चार दिवसांचं होतं म्हणे, आम्हाला कुणी सांगायची तसदी घेतली नव्हती. लांब पायांचं, आईसारखंच तांबूस, डोळे स्वच्छ. आणि त्याच्या गळ्यात पिवळा बिल्ला, नऊ नंबरचा. 

"आता हे काय?"

"साळूचा नंबर, मंग तिच्या लेकराचाच की. साळूला चौदा दिलाय." ठकूबाई हसली. शिंगरू चारा खात नाही, पण बिल्ल्यावर पेंढी मिळते, ती काशीला जाते, असा सगळा बंदोबस्त होता. गेटवरचा माणूस चार दिवसांच्या शिंगराला पेंढी देत होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग तीच म्हणाली, "साळू अजून ओली हाय, तिला सुई नगं. ह्याचं घ्या वाईच. आईचं दुधातनं त्याच्यात उतरलंच असंल की. चीक न मिळालेलं कोकरू जगतं का कधी?"

ते अगदी खरं होतं. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, जी येते ती आईच्या पहिल्या दुधातून. म्हणजे पोराच्या रक्तात आईचं उत्तर होतं. हे मी कॉलेजात शिकले होते आणि त्या उन्हात साफ विसरले होते. ठकूबाईने शिंगराला कवेत धरलं, सुदामराव बाजूला झाले, आणि ते रक्त मी स्वतः काढलं. दोन्ही बाजूंनी घोडं बघून, मग.

कॉलेजात कुणाला न सांगता मी ती एक नळी तपासली. एकास शंभर, गुठळी. एकास दोनशे, गुठळी. चारशेला थांबली. फार नव्हतं, पण होतं. ते लशीतून आलं की डबक्यातून, हे चाचणी सांगत नाही, आणि मी सांगितलं तरी कुणी मानलं नसतं. वहीत ते लिहायला रकाना नव्हता. मी पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं. परवा वही उघडली तेव्हा शोधलं, अजून वाचता येतं. सबंध वहीत ज्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन असा तेवढाच एक आकडा आहे.

काल त्या तरुण डॉक्टरला मी फोन केला. पहिल्यांदा विचारलं, "यंदा छावणीत घोडे घेतात का?"

"नाही मॅडम. यादीत नाही ना घोडा."

"मग चिप बसव तुझी. पण गळ्यात एक बिल्लाही बांध. सुतळीने. आणि छावणीवाल्यांना सांग, घोडा आत घ्यायचा तर बिल्ला बघून घ्या, चिप बघून नको."

"पण मॅडम, सुतळीचा बिल्ला तर कुणीही काढून दुसऱ्याला बांधेल."

"हो," मी म्हटलं. कारण सांगायला गेले असते तर त्याला पुढची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती माझ्या वरिष्ठांनाही मी कधी सांगितलेली नाही.

नळी तपासून आल्यावर मी वस्तीवर गेले होते. राहुट्या उतरायला लागल्या होत्या, दोन दिवसांत गोदावरीच्या अंगाला निघायचं ठरत होतं. ठकूबाई मला बघून उठून उभी राहिली. 

"हाय," मी म्हटलं. तिच्याच बोलीत निघालं तोंडातून. "शिंगराच्या अंगात हाय. म्हणजे साळूच्याही आहे."

तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग शिंगराजवळ गेली, त्याच्या गळ्यातला नऊ नंबर सोडला आणि काशीच्या गळ्यात बांधायला लागली.

"आता ह्याला नगं हे," ती म्हणाली. "काशीला दोन दिस हौदाचं पाणी मिळंल."

माझ्या अंगातला डॉक्टर जागा झाला. मी तिला समजावलं, की काशीला रोग होऊन गेलाय, अख्ख्या वस्तीत तिच्याइतकी प्रतिकारशक्ती कुणाचीच नाही, मी स्वतः मोजली आहे. स्वच्छ पाण्याची गरज सगळ्यात कमी कुणाला असेल तर ती हिलाच.

"आसंल," ठकूबाई म्हणाली. "पर डबक्यात उतराया तिला दिसत न्हाई, बाई. चिखलात घसरती."

काशी धूसर डोळा आमच्याकडे वळवून उभी होती. ठकूबाईने सुतळीची गाठ मारली. गाठ सैल बसली. मी ती सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.